ज्ञानोबाची हजेरी

"अंगठा घ्या की, सायेब."

"अरे, किती डाव सांगू तुला? तो कायदा गेला. तुम्हा लोकांची हजेरी बंद झाली." शरणबसप्पा हवालदाराने मानही वर केली नाही.

ज्ञानोबा काळे चौकीच्या पायरीवरून हलला नाही. निजामाच्या अमलात पारध्यांना रोज संध्याकाळी चौकीत येऊन अंगठा उठवावा लागे. राज्य गेलं, मागोमाग कायदा गेला, तरी हा म्हातारा दिवेलागणीला हजर! बायको वारल्यापासून हवालदारालाही घरी जायची घाई नसे.

"सुटलास की आता. मग कशाला तंगड्या तोडत येतोस?"

"पोरगं तापानं फणफणलं व्हतं, सायेब. एक सांज चुकली. त्याच सांजंला माकणीत घर फुटलं. मला धरलं, लई मारलं. सुटून पालावर गेलो, तर पोराला मातीआड केलेलं." दुसऱ्याच कुणाची हकिगत असावी तसा तो बोलत होता. "अंगठा असला की म्हणता यायचं, म्या चौकीत व्हतो. आता काय दावू? सरकारनं हजेरी काढली, इलजाम काढायचा राहिला."

नोकरीत हवालदाराने रडगाणी ढीगभर ऐकली होती, या कानाने ऐकून त्या कानाने सोडली होती. याच्या सांगण्यात रडणं नव्हतं म्हणून की काय, तो ऐकत बसला. अशी माणसं त्यानेही धरून आणली होती. त्यांच्या घरी कोण आजारी आहे, हे कधी विचारलं नव्हतं. चांगलंच अंधारल्यावर ज्ञानोबा उठून गेला. हवालदाराला वाईट वाटलं असंही नाही. आत सगळं बधिर झालं होतं.

सकाळी फौजदार जीप घेऊन आले. आदल्या दिवशी दिवेलागणीला बेंबळीत एक दुकान फुटलं होतं. जीपमध्ये मागे ज्ञानोबा बसलेला, हातांत बेड्या.

हवालदार पुढे झाला. "साहेब, हा त्या वक्ताला इथं होता. माझ्यासमोर."

"रजिस्टरात नोंद आहे?"

"न्हाय जी. मी होतो."

"पारध्याची वकिली करतोस? नोकरी जड झाली का?"

धाडस वगैरे हवालदाराला काही वाटलं नाही, भीतीही वाटली नाही. त्याने चौकीला कुलूप घातलं, टोपी सारखी केली आणि तो जीपमध्ये मागे चढला.

"तू कुठं निघालास?"

"साक्षीदार हाय जी," तो म्हणाला आणि ज्ञानोबाला लागून बसला.