ईदच्या दिवशीची उशी

ईदच्या दिवशी तरी माणसाच्या दाढीत कापूस असू नये, असं माझं लहानपणापासूनचं ठाम मत. अब्बा यवतमाळात गाद्या-उशा भरायचे, सरदार पिंजारी म्हणून सगळं गाव ओळखायचं. नमाज झाली, गळाभेटी झाल्या, की नवा कुर्ता खुंटीला टांगून हा माणूस दुकानात जाणार, एका उशीपुरता कापूस पिंजणार आणि मगच शीरखुर्म्याला येणार. तोवर तो थंडगार. घरात माणसं चार आणि उशा चौदा. दुकानाला सण नाही, शुक्रवार नाही, माझ्या शाळेचं गॅदरिंग तर नाहीच नाही. मी ते सगळं मनात धरून ठेवलं. संध्याकाळी मात्र घशातली धूळ उतरावी म्हणून ते गुळाचा खडा खायचे आणि त्यातला अर्धा मला द्यायचे. तेव्हा त्यांच्या पापण्यांवरही कापूस असायचा. तो गूळ आठवला की आजही जीव तुटतो.

अब्बांना जाऊन सहा वर्षं झाली. दम लागूनच गेले. मी पुण्यात फुप्फुसांच्या सुजेवर संशोधन करते. श्वासातून गेलेल्या धुळीवर शरीर चवताळून उठतं आणि त्यात स्वतःचंच घर जाळून घेतं, ते कसं, हे शोधते. या हिवाळ्यात त्यासाठीच यवतमाळजवळ लोहाऱ्याच्या एका जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, आले होते. कामगारांनी दोन दिवस सुट्टी घ्यायची, तिसऱ्या दिवशी कामाच्या आधी आणि नंतर श्वासाचा जोर मोजणाऱ्या यंत्रात जोरात फुंकायचं, एवढंच. कापसाच्या धुळीचा आजार सुट्टीनंतरच्या पहिल्या दिवशी हमखास उघडा पडतो. यंत्राला त्यांनी लगेच 'फुंकणी' असं नाव दिलं. फुंकायला सगळे तयार, सुट्टीला एकही नाही. मालकाची हरकत नव्हती, मजुरीही बुडणार नव्हती, तरी नाही. आठवडाभरात माझा पारा चढला.

नागोराव तिथेच कामाला होते. तीस वर्षं अब्बांच्या जोडीने पिंजलेला माणूस. दुकान बंद झाल्यावर जिनिंगला लागले. मी त्यांच्यावरच भडकले. म्हटलं, तुम्ही सगळे अब्बांसारखेच, घरच्यांपेक्षा काम प्यारं.

"कामाची हौस कोणाले असते वं पोरी?" ते म्हणाले. "सुट्टी घेतली का वापस आल्यावर छाती आवळते. रोज येत राह्यलं तर तेवढं नाही होत. सरदारभाईनंच शिकवलं मले. म्हणे, कापसाले एक दिवसबी सोडाचं नाही, सोडलं का तो सूड घेते."

जे मी पुस्तकांतून शिकले, ते अब्बांनी छातीवर ओळखलं होतं. उपाय मात्र उलटा काढला होता. रोज थोडी धूळ घेतली की आवळणं कमी व्हायचं, आणि आतली सूज गुपचूप वाढत राहायची.

"एकच डाव सुट्टी घेतली त्यानं," नागोराव म्हणाले. "तुले पुण्याले सोडाले गेलता तवा. चार दिवस. वापस येऊन तासभर पिंजलं अन् पायरीवर बसला, तो उठेच ना. ओठ निळे पडलते. तेवढ्यात तुया फोन आला. मले हातानंच खुणावलं, पोरीले सांगू नको."

तो फोन मला लख्ख आठवत होता. नव्या हॉस्टेलच्या जिन्यात उभी राहून मी रडवेली झाले होते. अब्बा "काम बहुत है" म्हणाले आणि फोन ठेवला. अठरा वर्षं मी त्याचा राग जपला.

मी नागोरावांना म्हटलं, सुट्टीचं राहू द्या, मी दुसरी वाट काढते. त्यांनी ऐकलं नाही. भाईनं घेतलती, एक मी घेतो, म्हणाले. तिसऱ्या दिवशी औषधाचा पंप घेऊन मी दिवसभर त्यांच्याजवळ थांबले. सकाळी फुंकले तेव्हा आकडा चांगला होता. संध्याकाळी फुंकले, तर जवळजवळ पाचवा हिस्सा गेलेला. पंप दिल्यावर कुठे त्यांना बोलता यायला लागलं. तोवर मी काही विचारलं की ते नुसती मान हलवत होते, एक शब्द निघत नव्हता.

अब्बा तीन शब्द बोलले होते.