मधली भाषा

मावशींची लॉन्ड्री रस्त्याच्या कोपऱ्यावर होती आणि घर लॉन्ड्रीच्या डोक्यावर. खाली वाफेची इस्त्री, काउंटर आणि हँगरला टांगलेले लोकांचे कपडे. वर दोन खोल्या. एकुलता एक मुलगा जहाजावर इलेक्ट्रिशियन होता. लांबच्या कुठल्याशा बंदरात त्याचं जहाज दुरुस्तीला अडकलं. जहाज सुटलं, हा मात्र अडकला तो अडकलाच, आणि सुट्टीवर येताना बायको घेऊन आला.

पोरगी हसरी, कामाला चलाख. पण तिला पोर्तुगीजखेरीज काही येत नव्हतं आणि मावशींना मराठीखेरीज. मुलगा मध्ये होता तोवर निभावलं. मग त्याची सुट्टी संपली.

"तुम्ही दोघी इंग्रजी शिका," निघताना तो म्हणाला. "मधली भाषा. गिऱ्हाइकांशी बोलायलाही कामाला येईल." आणि टेबलावर एक जाडजूड पुस्तक ठेवून तो गेला.

मावशींनी चष्मा लावून पुस्तक चाळलं. डावीकडे इंग्रजी शब्द आणि वाक्यं, उजवीकडे त्यांचा पोर्तुगीज अर्थ. मराठीचा कुठे मागमूस नाही.

"वा रे न्याय!" त्या पुटपुटल्या. "बायकोला दोन डोळे आणि आईला एकच, तोही अधू."

कारण त्यांचं इंग्रजी दहावीपर्यंतचं, आणि त्याच्यावर इतक्या वर्षांचा गंज.

दुपारी गिऱ्हाईक नसलं की दोघी पुस्तक घेऊन बसायच्या. सून इंग्रजी वाक्य वाचायची, मावशी उच्चार सुधारायच्या. अर्थ अडला की सून पोर्तुगीज शब्द म्हणून, हातवारे करून तो दाखवायची. गंमत अशी झाली, की डावीकडचं इंग्रजी मावशींच्या या कानातून शिरून त्या कानातून जायचं आणि उजवीकडचं पोर्तुगीज मात्र डोक्यात ठाण मांडून बसायचं. इंग्रजी नुसतं छापलेलं होतं. पोर्तुगीज समोर बसून नाचून दाखवत होतं ना!

एकदा वाक्य आलं, की आभाळातून कुत्री-मांजरं पडतायत.

"काहीतरीच काय!" मावशी म्हणाल्या.

सुनेनं उजवीकडे बोट ठेवलं. "शॉवि आ कांतारुस." मग तिनं कोपऱ्यातली घागर उचलून डोक्यावर उपडी केल्याचा अभिनय केला. मावशींच्या डोक्यात प्रकाश पडला. जोराचा पाऊस! तिच्याकडे घागरी पडत होत्या. मावशींनी दोन्ही मुठींत मुसळ धरल्यासारखं करून हवेत कांडून दाखवलं. "मुसळधार! आमच्याकडे मुसळं पडतात."

सुनेनं आधी कपाळाला हात लावला, मग डोक्याला. बिचारीला मुसळाचीच भीती वाटली असावी.

सासूला ती 'सॉग्रा' म्हणायची. "सोंग्या म्हणतेस की काय मला?" मावशी दटावायच्या आणि ती न कळताच हसायची.

पण संध्याकाळी आईचा फोन आला, की ती जिन्यात जाऊन बसायची. बोलणं हळू, नाक ओढल्याचा आवाज मात्र वरपर्यंत. मावशींना वाटायचं, माझीच गाऱ्हाणी सांगत असणार. विचारावं, तर कुठल्या भाषेत?

अशातच तिच्या हातून एका गिऱ्हाइकाचा रेशमी ब्लाउज करपला. मावशी कडाडल्या. बोलल्या मराठीतच, पण रागाला दुभाष्या लागत नाही. सून मान खाली घालून वर निघून गेली.

दुसऱ्या दिवशी ती खाली आलीच नाही. 'रुसली असेल तर रुसू दे,' असं म्हणत मावशींनी शर्टांचा अख्खा गठ्ठा एकटीनं हातावेगळा केला. मग मात्र राहवेना. वर जाऊन पाहतात, तर पोरगी तापानं फणफणलेली.

ती बडबडत होती. "मांय... मांय..."

यासाठी मावशींना पुस्तक उघडावं लागलं नाही.

डॉक्टर येऊन गेले. साधा ताप आहे, औषध द्या, झोपू द्या, म्हणाले. मावशींनी दुकानाचं शटर ओढलं आणि ओल्या फडक्याच्या घड्या घेऊन उशाशी बसल्या. आपण काल किती बोललो, ते आठवून त्यांचं मन त्यांनाच खाऊ लागलं.

संध्याकाळी सुनेचा फोन वाजला, व्हिडिओ कॉल. पडद्यावर विहीणबाईंचा फोटो. एकदा वाजून बंद झाला, पुन्हा वाजला. मावशींनी पदर सावरला, पुस्तक मांडीवर ओढलं आणि फोन उचलला.

सुनेच्या जागी सासू दिसताच विहीणबाईंचा चेहरा पडला. त्या भराभर काहीतरी विचारू लागल्या. त्यातलं मुलीचं नाव तेवढं मावशींना कळलं.

दवाखान्याचा धडा सापडला. "फेब्रि," मावशी म्हणाल्या. ताप. विहीणबाईंनी तोंडावर हात ठेवला. मावशींनी घाईघाईनं बोट खाली सरकवलं. "मेदिकु! रेमेदिउ!" डॉक्टर झाला, औषध झालं. "दोर्मिंदु," आणि गालाखाली हात ठेवून त्यांनी झोप दाखवली.

तरी विहीणबाईंचे डोळे वाहायचे थांबेनात. पोरगी परक्या घरात आजारी; आईला आणखी काहीतरी ऐकायचं होतं. मावशींना सांगायचं होतं, की इथे तिला काही कमी पडणार नाही, मी आहे. पण तो धडा त्या पुस्तकात नव्हता. त्यांनी पानं उलटली. हॉटेलचा धडा निघाला. काय हरकत आहे?

"उ क्वार्तु ए लिंपु," त्या गंभीरपणे म्हणाल्या. खोली स्वच्छ आहे.

पलीकडे विहीणबाईंनी डोळे पुसायचे सोडून कान पुढे केला.

"आग्वा केंची." गरम पाणी आहे. आणि मग छातीवर हात ठेवून, अगदी शपथेवर सांगावं तसं, "उ कॅफे दा मन्यां एस्ता इन्क्लुईदु."

सकाळचा नाश्ता धरून.

रडता रडता विहीणबाईंना असं हसू फुटलं, की फोन हातातून निसटून पडद्यावर नुसतं छत दिसू लागलं. इकडे पलंगावरूनही खुसखुस ऐकू आली. सून जागी होती. तिनं उठायची धडपड न करता हात पुढे केला आणि मावशींचा हात घट्ट धरला. मावशींनी फोन तिच्या तोंडापुढे धरला आणि मायलेकी हवं तेवढं बोलल्या.

ताप उतरला. सून पुन्हा खाली आली तेव्हा तिनं पुस्तकातली दोन-तीन पानं आणि चार मराठी शब्द जोडून सांगितलं, की जिन्यात बसून ती सासूची तक्रार करत नव्हती. आईची आठवण यायची, आणि रडताना कुणी पाहू नये, एवढंच.

"वेडी कुठली! मग माझ्याजवळ बसून रड ना," मावशी म्हणाल्या. तिला त्यातलं किती कळलं कोण जाणे. पण त्यानंतर आईचा फोन इस्त्रीच्या टेबलापाशीच यायला लागला, आणि मावशीही मध्येच तोंड घालायला लागल्या.

महिन्याभरानं मुलाचा फोन आला. "कुठवर आलं इंग्रजी?"

"इंग्रजी?" मावशींना आठवावं लागलं. "ते होय! ते चाललंय."

"मग बोल की दोन वाक्यं."

"आत्ता नको, कामात आहे," असं म्हणून त्यांनी फोन ठेवला. खोटं नव्हतं ते. समोर सून मोठ्या चादरीची दोन टोकं धरून उभी होती, दुसरी दोन मावशींच्या हातात. घडी आधी उभी घालायची की आडवी, यावरून दोघींचं जुंपलं होतं. एक मराठीतून, एक पोर्तुगीजमधून. आणि माघार घ्यायला कुणीच तयार नव्हतं.