उस्तादांचे हात

सिनेमावाल्यांना दुःख लागतं, पण धुतलेलं, वाळवलेलं. खिळ्याचं दुःख त्यांनी दोन वर्षं वाळत घातलं होतं. आता इस्त्री चालली होती.

खिळा म्हणजे ज्याच्यावर हा सिनेमा निघत होता तोच पोरगा. बाराव्या वर्षी घरातून पळाला. चौदाव्या वर्षी एकाच्या बरगडीत खिळा खुपसून बालसुधारगृहात गेला, तिथंच हे नाव चिकटलं. सोळाव्या वर्षी कागदावर ‘वर्तणूक बरी’ असा शेरा पडला आणि त्याला एका कारखान्यात लेथवर, म्हणजे लोखंड कातायच्या यंत्रावर, शिकायला धाडलं. तिथल्या टर्नरला सगळे उस्ताद म्हणायचे. उस्तादांनी या दगडाला माणसात आणलं. मग एक दिवस लेथच्या चकातून चावी उडाली आणि उस्तादांचा उजवा डोळा गेला. पेपरात बातमी आली, ‘डोळा गमावलेल्या गुरूने घडवला वाया गेलेला मुलगा’. ती वाचून दिग्दर्शकाच्या डोळ्यांत पाणी आलं म्हणे. पाणी यायला त्याचे दोन्ही जागेवर होते.

चक म्हणजे लेथचा जबडा. लोखंडाचा तुकडा त्यात धरायचा, वितभर चावीने पिळून आवळायचा, चावी काढायची आणि मगच मशीन चालू करायचं. चावी चकातच राहिली तर मशीन तिला गोफणीतल्या धोंड्यासारखी भिरकावतं. म्हणून उस्तादांनी पहिल्या महिन्यात लोखंडाला हातच लावू दिला नाही. बंद लेथवर दिवसभर एकच काम. चावी घाल, आवळ, काढ. “चावी चकात असेतो हात चावीवरून उठला, तर मी तुला उठवीन,” असं ते म्हणायचे.

तरी एकदा हात उठला. खिळ्याचा. कुणीतरी हाक मारली, त्याने मान वळवली, पुन्हा मशीनकडे वळला आणि बटण दाबलं. इतकंच. उस्ताद खाली पडले, डोळ्यावर दाबलेल्या बोटांमधून रक्त येत होतं, आणि लोक धावत यायच्या आत ते म्हणाले, “चावी मी सोडली. कळलं? मी.”

पोराची एक जरी तक्रार गेली असती तर तो परत आत गेला असता. चौकशीत उस्तादांनी तेच सांगितलं. कंपनीने ‘स्वतःचा निष्काळजीपणा’ असं लिहिलं, भरपाई नाकारली आणि त्यांना घरी बसवलं. आता ते एका कापडदुकानाच्या दाराशी स्टुलावर बसून राखण करायचे. खिळा विशीत आला, दुसरीकडे टर्नर झाला. या गोष्टीवर दोघं चार वर्षांत एक शब्द बोलले नव्हते. खिळ्याला रडू आलं नव्हतं, झोपही उडाली नव्हती. आत कुठंतरी बधिर करायचं इंजेक्शन दिलेलं होतं आणि ते उतरतच नव्हतं.

शूटिंगसाठी एक बंद पडलेला कारखाना भाड्याने घेतला होता. खिळ्याचं काम म्हणजे खिळा झालेल्या नटाला लेथ शिकवणं. ते पोरगं चांगल्या घरचं, नम्र.

“दादा, तुम्हाला राग यायचा तेव्हा तुम्ही दात आवळायचात की मुठी?”

“राग यायचा नाही.”

“मग काय यायचं?”

“काही नाही.”

पोराने वहीत लिहून घेतलं. वहीत ‘काही नाही’ची जागा कुठं केली, त्यालाच ठाऊक.

त्या दिवशी अपघाताचा प्रसंग होता. उस्ताद झालेला नट मोठा, त्याचे हात लोण्यासारखे. हात जवळून दाखवायच्या शॉटला ते चालेनात. दिग्दर्शकाने खिळ्याचे हात उलटसुलट करून पाहिले. “हे घ्या. उस्तादांचे हात म्हणून हेच.” मेकअपवालीने त्यांवर सुरकुत्या काढल्या, नखांत काळं भरलं. खरे उस्ताद कौतुकाचे पाहुणे म्हणून कोपऱ्यात खुर्चीवर बसले होते. समोर चहा.

“सोपं आहे,” दिग्दर्शक म्हणाला. “चावी आवळायची, तिथंच सोडायची, हात बाहेर. मशीन बंदच आहे. चला!”

खिळ्याने चावी आवळली. काढली. जागेवर ठेवली.

“अरे राजा, सोडायची!”

पुन्हा आवळली. पुन्हा काढली. तिसऱ्यांदा तेच. सातव्या वेळेपर्यंत लाइटवाले हसायला लागले. एकजण म्हणाला, “फेविकॉल लावलाय काय रे चावीला?”

“अडचण काय आहे तुझी?” दिग्दर्शक तडकला.

खिळ्याने काही ठरवलं नव्हतं. ढेकर यावी तसं तोंडातून निघून गेलं.

“सर, चावी उस्तादांनी नाही सोडली. मी सोडली होती.”

दिग्दर्शकाचा चेहरा हळूहळू उजळला, उधारी बुडवलेला माणूस अचानक पैसे घेऊन दारात दिसावा तसा. “थांब थांब. म्हणजे त्यांनी तुझ्यासाठी... अरे, हे तर सोनं आहे! आधी का नाही बोललास?” तो कोपऱ्याकडे वळला. “उस्ताद, हे खरं?”

उस्तादांनी चहाचा घोट घेतला.

“खोटं बोलतोय. चावी मीच सोडली. चौकशीचा कागद आहे, बघा. याला जुनी खोड आहे साहेब, दुसऱ्याची चूक अंगावर घेऊन मोठं व्हायची.”

“हिरो व्हायचंय त्याला,” मागून कुणीतरी म्हणालं. सेटवर हशा पिकला. दिग्दर्शकाने निराश होऊन दहा मिनिटांची सुट्टी दिली.

बाहेर पत्र्याच्या आडोशाला खिळ्याने त्यांना गाठलं.

“उस्ताद, खोटं का बोललात?”

“चार वर्षांपूर्वी बोललो तेव्हा नाही विचारलंस.”

“खरं कळलं तर लोक तुम्हाला डोक्यावर घेतील.”

“आणि उतरवतील कधी? पुढच्या शुक्रवारी?” उस्तादांनी चांगला डोळा त्याच्यावर रोखला. “तुझी काकू अजून रोज ऐकवते, तुमच्या धांदरटपणापायी घर बसलं म्हणून. तिलासुद्धा सांगितलं नाही मी. डोळा गेला, काम गेलं. माझं म्हणून एवढंच राहिलंय, की मी हे कुणाला दाखवलं नाही. आणि तू ते त्या दाढीवाल्या दिग्दर्शकाच्या ताटात वाढतोस? फुकटात?”

“मला वाटलं—”

“तुला काही वाटत नाही रे. मला माहीत आहे. वाटलं असतं तर मला विचारायला आला असतास आधी.”

खिळ्याने हातांवरच्या रंगवलेल्या सुरकुत्या अंगठ्याने पुसल्या.

“हात सुटत नाही माझा,” शेवटी तो म्हणाला. “तुम्हीच लावलेली सवय.”

“मग मीच सांगतो, सोड. काम कबूल केलंयस ना? कर मग. ती पोरं उकाड्यात दिवे धरून उभी आहेत तुझ्यासाठी.”

ते आत जाऊन खुर्चीवर बसले.

त्याने पुसलेल्या सुरकुत्या मेकअपवालीने पुन्हा काढल्या. खिळ्याने चावी चकात घातली, आवळली. बोटं चावीभोवती थांबली. त्याने उस्तादांकडे पाहिलं. उस्तादांनी मान किंचित हलवली, पहिल्या महिन्यात ‘चुकलं, पुन्हा’ म्हणायला हलवायचे तशी. त्याने एकेक बोट उचललं. करंगळी, मग तिच्या शेजारचं, मग पुढचं. अंगठा निघाला तेव्हा कोपरापर्यंत हात थरथरत होता. चावी चकातच राहिली, उभी.

“वा! पण हात हलला. उस्ताद सहज विसरलेत, हे दिसलं पाहिजे. पुन्हा.”

दुसऱ्यांदा थरथर कमी झाली. तिसऱ्यांदा फक्त मनगटात राहिली. चौथ्यांदा नुसता घाम आला. पाचव्यांदा दिग्दर्शक म्हणाला, “परफेक्ट! एक आणखी, जादाचा असू दे.”

सहाव्यांदा खिळ्याने चावी आवळली आणि सोडून दिली. तेव्हा आज जेवायला काय असेल, एवढंच त्याच्या डोक्यात होतं.