साखर तोलणाऱ्या यंत्राचं गाऱ्हाणं

दचकू नका, प्रयोगशाळेच्या कोपऱ्यात घरघरतोय तो मीच. नाव मास स्पेक्ट्रोमीटर, धंदा तोलण्याचा. तुमच्या रक्तातल्या प्रथिनांना साखरेच्या बारीक साखळ्या चिकटलेल्या असतात. चहातली साखर नव्हे. ही आजारपणात बदलते. प्रथिनांचे तुकडे करून माझ्या तोंडात सोडतात आणि कुठल्या तुकड्यावर किती साखर, ते मी सांगतो.

मी आलो त्या दिवशी सगळ्यांनी माझ्याशेजारी उभं राहून फोटो काढले. नंतर माझं तोंड पुसायचंही कुणाला सुचलं नाही.

विभागप्रमुखांना यकृताच्या आजाराची चाचणी शोधायची होती. शिस्त कडक: आधी सगळे निरोगी नमुने, मग सगळे रुग्णांचे. "सरमिसळ नको, घोळ होतो," म्हणाले. निरोगी लोकांच्या वेळी माझं तोंड स्वच्छ होतं. रुग्णांची पाळी येईतो त्यावर पुटं चढली. साखर चिकटलेले तुकडे मला मुळातच अंधुक दिसतात. तेच आधी दिसेनासे झाले.

प्रमुखांनी टेबलावर थाप मारली. "बघा, रुग्णांची साखर गळते!"

मंदावली होती ती माझी नजर. पण यंत्राला कोण विचारतो?

या शोधाच्या जोरावर शिवणकाम करणाऱ्या एका काकूंच्या यकृतात सुई घालून तुकडा काढायचं ठरलं. बाकी तपासण्यांत त्यांच्यात काही दोष निघाला नव्हता; साखर गळालेली दिसली ती फक्त माझ्या पुटं चढलेल्या तोंडाला.

आज पाहुणे आले. प्रमुखांनी ऐटीत स्वतःचं रक्त तपासायला लावलं. मी इमानेइतबारे सांगितलं: साखर गळालेली.

"अगं, हे मशीन बिघडलंय!" ते संशोधक मुलीवर खेकसले.

"सर, रुग्णांचे नमुने याच्यावरच तपासलेत."

"तोंड वर करून बोलू नकोस. त्याचं तोंड साफ कर आधी!"

साफ झालं. प्रमुख ठणठणीत निघाले. आपला तो बाब्या!

"सर, त्या काकूंचाही नमुना पुन्हा लावू?"

"कशाला? लेख छापायला गेलाय. तुला पदवी हवीय ना?"

पाहुण्यांना घेऊन प्रमुख जेवायला गेलेत. काकूंना त्या सुईसाठी उद्या सकाळी उपाशीपोटी बोलावलंय. त्यांच्या नमुन्याची कुपी समोरच्या फ्रीझरमध्ये आहे, पण मला हात नाहीत. हात आहेत ते या मुलीला, आणि ती मघापासून फ्रीझरच्या दारावर ते ठेवून नुसती उभी आहे.

पोरी, माझं तोंड अजून स्वच्छ आहे. उघड ते दार.