गोळ्यांच्या बाटलीवर पाटीचा संशय

मी एक जुनी बांबूची पाटी आहे. मित्रांनो, तुम्ही जिच्यावर लिहिता ती नव्हे. मासळी डोक्यावर वाहण्याची. माझ्या कडेची वीण सुटली आहे, पण संशयी स्वभाव घट्ट आहे. मासळीबाजारात गिऱ्हाईक विकणारीवर संशय घेते आणि विकणारी गिऱ्हाइकावर. तिथेच माझे आयुष्य गेले.

बेटेगावच्या एका कारागिराने मला विणले आणि तारापूरच्या किनाऱ्यावरच्या मंजुळाने विकत घेतले. ती मला घेऊन बोईसरच्या बाजारात बसे. "मावशी, बोंबील ताजा हाय ना?" कोणी विचारी. "तुज्यापेक्षा ताजा हाय!" ती म्हणे, आणि गिऱ्हाईक हसत हसत मासळी घेई.

१९६६ साली तिचे रक्त फार जाऊ लागले. मुंबईच्या इस्पितळात तिचे गर्भाशय, म्हणजे बाळ वाढते ती पोटातली पिशवी, काढावी लागली. शेजारची दोन्ही अंडाशयेही काढली. घरी येताना तिने गोळ्यांची एक बाटली आणली. तीन महिने ओझे उचलायचे नव्हते, म्हणून मला खुंटीवर टांगले.

सहा महिने झाले तरी मी खुंटीवरच. मंजुळा भिंतीकडे तोंड करून बसे. थंडीतही तिला दरदरून घाम फुटे. हातातला घास हातातच राही.

"सोंगाडी!" तिची सासू सुगंधा चिडून म्हणे. "जखम भरली, आता काय दुखतंय?"

"ठाव नाय, आये. जीवच लागत नाय कशात," एवढेच मंजुळा बोले.

मला बाटलीचा संशय आला. ती आल्यापासूनच मी अडगळीत पडले होते ना! आणि एक गोष्ट मी टिपून ठेवली. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास भरतीला जोर असतो, त्याला उधाण म्हणतात. तेव्हा मंजुळा थोडी सावरे, चूलही पेटवी. अष्टमीच्या सुमारास भरतीचा जोर ओसरतो, त्याला भांग म्हणतात. भांग आला की ती पुन्हा भिंतीकडे वळे.

सुगंधाच्याही ते ध्यानात आले. "दर्या लागलाय हिला! त्या गोळ्या घरात आल्यापासून. त्यांतच काय तरी हाय." एका सकाळी तिने मला खुंटीवरून काढले, बाटली माझ्यात टाकली आणि ती समुद्रात बुडवायला निघाली. मी मनातून खूश होते.

किनाऱ्यावर मंजुळाचा नवरा पुंडलिक सोबत्यांबरोबर जाळे दुरुस्त करत होता. तिथेच फेरीवर आलेल्या दवाखान्यातल्या नर्स जयवंतीबाई भेटल्या.

"आजी, पाटीत एवढीशीच मासळी?"

"मासळी नाय, विष हाय. बुडवते."

जयवंतीबाईंनी बाटलीला बांधलेली चिठ्ठी सोडून वाचली. "एकवीस दिवस रोज एक गोळी, मग सात दिवस बंद. असंच देता ना?"

पुंडलिक गोंधळला. "आमाला वाचता कुठं येतं, बाई? डॉक्टर बोलले, काही दिवस द्या, मग थांबा. आमी होडी बघून देतो. उधाणात पाण्याला ओढ असते, मासळी गावते, म्हणून होडी जाते, तवा गोळी देतो. भांगात होडी उभी, गोळी बंद."

"अरे पुंडलिक, बायको आहे ती, होडी नव्हे!"

जाळ्यावरचे सगळे हसले. सुगंधा हसली नाही.

जयवंतीबाई समजावून सांगू लागल्या, "काढलेल्या अंडाशयांतून एक रस रक्तात मिसळायचा. तो अचानक थांबला की अंगातून वाफा निघतात, झोप उडते, मन खचतं. गोळी त्या रसाची भर घालते. तुम्ही निम्मे दिवस ती बंदच ठेवलीत."

"म्हंजे... सोंग नव्हतं तिचं?"

"नव्हतं, आजी. आता चिठ्ठीप्रमाणे द्या. आणि तिला डॉक्टरांकडे पुन्हा घेऊन जा."

सुगंधा वाळूतच बसली. मग बाटली पदरात बांधून घरी आली, मला पुन्हा खुंटीवर टांगले आणि मंजुळाशेजारी बसली. "पोरी, मी तुला वाईट बोलले," ती म्हणाली. मंजुळाने भिंतीकडचे तोंड तिच्याकडे वळवले.

सगळे लगेच सुधारले नाही. डॉक्टरांकडे दोन खेपा झाल्या. चौथ्या महिन्यात मंजुळाने मला खुंटीवरून काढले. सुगंधाने मला अर्धेच भरू दिले.

मित्रांनो, घरातले कोणी गप्प गप्प झाले, तर त्याला सोंगाडी म्हणू नका. जवळ बसा, विचारा. औषध कसे घ्यायचे ते नीट वाचून घ्या आणि डॉक्टरांना विचारल्याशिवाय थांबवू नका. मी त्या सकाळी मंजुळाचे औषध बुडवायला निघाले होते, आणि मला आनंद झाला होता. त्या आनंदाची मला अजून लाज वाटते.