‘बिनाइन’चा अर्थ माझ्याजवळ होता

मित्रांनो, मी एक जुना इंग्रजी-मराठी शब्दकोश आहे. शिवण उसवली आहे, पण अक्कल शाबूत आहे बरं का!

सानगडी गावचे हिरालाल ग्रामपंचायतीत लिपिक होते. तेव्हा त्यांनी मला विकत घेतले. गावात कुणाकडे इंग्रजी कागद आला की लोक म्हणत, "हिरालालभाऊले दाखवा, पुस्तकात पाहून सांगतीन." मी फुगून जायचो. मग मोबाईल आला आणि मी तांदळाच्या कोठीवर धूळ खात पडलो. राग यायचाच!

यंदा धानाचा रोवणा, म्हणजे भाताची लावणी, सुरू असताना हिरालालांच्या पत्नीच्या, तुळसाबाईंच्या छातीतल्या गाठीचा रिपोर्ट आला. त्यात ‘ट्यूमर’ होते आणि ‘बिनाइन’ होते. मोबाईलने बिनाइनचा अर्थ सांगितला, सौम्य. झाले! सौम्य म्हणजे थोडासा कॅन्सर, असे हिरालालांनी मनानेच ठरवले. डॉक्टरांना विचारायचा धीर होईना. कागद त्यांनी माझ्याच पानांत लपवला. अहो, लपवता कशाला, मला विचारा ना! पण मला तोंड कुठे आहे?

"रिपोर्ट यायचा हाय. तू चिखलात जाऊ नको," ते तुळसाबाईंना म्हणाले.

"गावभर रोवणा चालू हाय, अन् मले काहून घरी बसवून राहिले?" त्या चिडल्या. हिरालाल ताट सारून उठले.

चौथ्या दिवशी तुळसाबाई कोठी झाडत असताना मी खाली पडलो आणि कागद बाहेर आला. दवाखान्याचा शिक्का तुळसाबाईंनी ओळखला. त्यांनी सुनेला, रत्नमालाला हाक मारली. "वाच. जे असन ते सांग मले."

रत्नमाला ‘बिनाइन’वर अडली आणि माझी पाने उलटू लागली. मी जीव मुठीत धरून होतो. सापडले! बिनाइन : निरुपद्रवी, गाठीबाबत, कर्करोगाची नसलेली.

"आई, कॅन्सर नाई जी!"

तुळसाबाई आधी रडल्या, मग हसल्या. हिरालाल घरी येताच कडाडल्या, "चार दिवस मले जित्तेपणीच मारून टाकलं तुमी!"

हिरालाल ओक्साबोक्शी रडले. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनीही तेच सांगितले. हुश्श! परवा तुळसाबाई रोवण्यासाठी धानाच्या बांधीत उतरल्या.

मित्रांनो, अर्धवट कळलेला शब्द मनात कोंडू नका. पुस्तक उघडा, जाणकाराला विचारा. आणि ज्याच्या जिवाचा कागद असेल, त्याला तो आधी दाखवा.