मागणीची कॉफी

अबू हाझिमने यंत्राचा विषय काढला तेव्हाच मला वाटलं, पाणी कुठेतरी मुरतंय. माझा भाऊ नायफ जन्मापासून बहिरा. सल्त गावात त्याच्याशी ज्याला बोलायचं, तो आधी मला हाक मारतो. आणि नायफच्या मुलीला, शुरूकला, पुतण्यासाठी मागणी घालायला येणारा हा माणूस मला म्हणत होता, "राकानच्या आई, पुरुषांच्या बैठकीत तुम्ही कशाला? आमचं यंत्र बोलणं ऐकतं आणि हातांच्या भाषेत सांगतं."

कानामागून आली आणि तिखट झाली, ती ही. पडद्यावर निळ्या कोटातली बाई, चेहऱ्यावर इस्त्री फिरवल्यासारखी, हात मात्र भराभर. आठवडाभर मी नायफला बजावत होते, "ती त्यांची बाई आहे. त्यांना हवं तेच सांगेल."

"आणि तू कोणाची बाई?" त्याने हातांनी विचारलं आणि हसला.

शुक्रवारी दुपारी मंडळी आली. मी स्वयंपाकघराच्या अर्ध्या दारात उभी, शुरूक माझ्या पाठीशी. रिवाजाप्रमाणे कॉफीचा पहिला पेला अबू हाझिमला दिला. नवऱ्या मुलाचा, मुतझचा, हा थोरला काका. त्याने पेला न पिता समोर ठेवला. मुलीचा बाप होकार देईपर्यंत तो प्यायचा नसतो. यंत्र पेल्याशेजारी, पडदा नायफकडे, दारातून आम्हालाही दिसेल असा.

अबू हाझिम बोलत सुटला. घराण्याची थोरवी, शुरूकच्या गुणांचं कौतुक. पडद्यावरची बाई हात हलवत होती, नायफ मान डोलवत होता. मी डोळ्यांत तेल घालून चूक शोधत होते. एकही सापडेना, म्हणून जास्तच राग आला.

बोलणं संपलं. नायफ उत्तर द्यायला सावरून बसला, तेवढ्यात अबू हाझिम सोबत आलेल्या आपल्या मेहुण्याकडे झुकून पुटपुटला, "एकदा पोरगी घरात येऊ दे. मग या बहिऱ्याच्या उंबऱ्याशी फिरकू देणार नाही. उद्या हिची पोरंही हातवारे करायला लागतील."

मुतझ दोघांच्या मधेच बसला होता. त्याने ऐकलं आणि खाली गालिच्याकडे पाहत राहिला.

पडद्यावरच्या बाईला कसली भीडभाड? तिने तेही सांगून टाकलं, त्याच चेहऱ्याने.

नायफने माझ्याकडे पाहिलं. हात गुडघ्याशी धरून, कोणाच्या लक्षात येणार नाही असं विचारलं, "हा खरंच असं बोलला? की बाई चुकली?"

चुकली म्हणणं किती सोपं होतं. तिला खोटारडी तर मीच ठरवून ठेवलं होतं. शुरूकचा नवा पोशाख आत टांगलेला होता, लग्न मोडलं नसतं. मी मागे वळले. शुरूकनेही पडदा पाहिला होता. तिचे डोळे भरले होते, पण ती माझ्या हातांकडेच बघत होती.

"बोलला," मी हातांनी सांगितलं. "माझ्या कानांनी ऐकलं."

नायफ उठला. अबू हाझिमसमोरचा पेला उचलून त्याने कॉफी पुन्हा किटलीत ओतली. मग त्याने हातांनी दोनच वाक्यं सांगितली.

"काय म्हणतोय हा?" अबू हाझिमने यंत्राला विचारलं. पण यंत्राला हात वाचता येत नव्हते. बाईने त्याचाच प्रश्न नायफला करून दाखवला.

शेवटी त्याला माझ्याकडेच वळावं लागलं. "राकानच्या आई, काय म्हणतोय तुमचा भाऊ?"

आजवर भावाचं बोलणं मी थोडं गोड करूनच लोकांना सांगितलं. या वेळी नाही.

"तो म्हणतो, तुमच्या सगळ्या मंडळींत ही पडद्यावरची बाई एकच खरं बोलणारी निघाली. तिला नीट सांभाळून घरी न्या."